पाणी न बघितलेली होडी

होडी बोलतेय. जरा लांबच उभे राहा. जवळ येऊन थापट्या मारू नका आणि "आत बसून एक फोटो काढू का" असं तर अजिबात विचारू नका. आजवर जो आला त्यानं हेच केलं, आणि मला त्याचा वीट आलाय.

सांगलीजवळच्या माधवनगरात एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मी लाकडी घोड्यांवर उभी आहे. लांबी सोळा फूट. मला धडं दोन. दोन अरुंद, लांबट होड्या शेजारी ठेवायच्या, मधून दोन तुळया आडव्या टाकून त्या एकमेकींना बांधायच्या, की झाले मी. तुळयांच्या मध्ये माणसांना बसायला विणलेली जाळी आहे, पुढं डोलकाठी आहे, शीड गुंडाळून ठेवलंय. दोन धडांमुळं मी सहसा उलटत नाही म्हणे. म्हणे एवढंच. कारण मला पुरी होऊन दोन वर्षं झाली आणि माझ्या बुडाला अजून पाणी लागलेलं नाही.

मला पाण्यात जायचंय. दुसरं काही नको, हार नको, नारळ नको. आणि एवढंच्या एवढं काम दोन भावांनी अडवून ठेवलंय. त्यांच्या नावानं बोटं मोडायची म्हटलं तर मला बोटं नाहीत, नाहीतर एव्हाना मोडून संपली असती.

थोरला बाळगोंडा. फौजेत इंजिनिअर पलटणीत होता, सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि साताऱ्यात घर बांधून राहिला. नोकरीत असताना पुण्याकडं तो शिडाची होडी चालवायला शिकला होता. बायको वारल्यावर त्याला साताऱ्याचं घर खायला उठलं. मग त्यानं ठरवलं, की आपली आपण होडी बांधायची आणि कोयनेच्या फुगवट्यावर, बामणोलीच्या अंगाला, ती हाकायची. नकाशाची गुंडाळी काखेत मारून तो माधवनगरला धाकट्या भावाकडं आला. साताऱ्याच्या घरात टेबल मावत नव्हतं, तिथं मी काय मावणार?

धाकटा भरतेश. ह्याचे आठ माग होते. धंदा बसला, माग भंगारात गेले, आणि शेडमध्ये राहिली फरशीतली बोल्टांची भोकं. भाऊ आला तेव्हा भरतेश त्या रिकाम्या शेडच्या दारात खुर्ची टाकून नुसता बसलेला असायचा. त्याला पोहता येत नाही. नदीला गेला तर घोट्यापर्यंतच्या पाण्यातनं माघारी येतो.

ह्या दोघांची आई आक्काताई. वय अठ्ठ्याहत्तर, कान थोडे गेलेत, पण नको ते बरोबर ऐकू येतं. तिनं आधीच दोन अटी घातल्या. "होडीतनं जाळं टाकायचं न्हाई, एकबी मासा धरायचा न्हाई. आन् सरस वापरायचा न्हाई. जनावराच्या कातड्याचा असतोय त्यो." बाळगोंडा हसला. म्हणाला, "आई, हितं सगळं इपॉक्सी लागतंय. फॅक्टरीतला डिंक हाय त्यो." म्हातारीला इपॉक्सी म्हणजे काय ते कळलं नाही, पण त्यात जनावर नाही एवढं तिनं तीनदा विचारून पक्कं केलं.

माझा जन्म सपाट झाला. पाण्यात न फुगणाऱ्या प्लायवूडच्या फळ्या टेम्पोतनं आल्या, आणि बाळगोंडानं त्यांवर पेन्सिलीनं रेघा मारल्या. कापून झाल्यावर लांबट पानांसारखे तुकडे उरले. त्यांच्या कडांना चार-चार बोटांच्या अंतरानं भोकं पाडायची, दोन कडा एकमेकींना लावून त्या भोकांतनं तांब्याची तार ओवायची, पक्कडीनं पीळ द्यायचा. सपाट फळी अशी शिवता शिवता फुगत जाते आणि पोट धरते. मग आतल्या सांध्यात इपॉक्सी आणि लाकडाचा भुसा कालवून भरायचा, वर काचेच्या धाग्याचं कापड चिकटवायचं, आणि सगळं वाळून दगड झालं की तारा उपसून काढायच्या. मला खिळा असा नाहीच. मी शिवलेली आहे.

आता शिवणकाम म्हटल्यावर ते कुणाच्या हाताला येणार? सुभेदाराच्या?

सांधे भरायच्या पहिल्या दिवशी बाळगोंडानं एप्रिलच्या उन्हात, भर दुपारी, मगभर इपॉक्सी एकदम कालवलं. पाच मिनिटांत तो मग तापला, धूर निघाला, आणि आतला माल चमच्यासकट गोठला. तो चमचा आक्काताईच्या ताकाचा होता. बाळगोंडा म्हणाला, "माल डुप्लिकेट निघाला." दुसऱ्या दिवसापासून भरतेश सकाळी सातला, गार असताना, वाटीवाटीनं कालवायला लागला. माल अगदी नीट लागला.

मग काचेचं कापड. बाळगोंडानं ते फौजी शिस्तीत सरळ कापलं आणि सांध्यावर दाबलं. कोपऱ्यात ते बसेचना, खाली फुगे धरायला लागलं. तो दाबतोय, ते उठतंय. सुभेदार लागला शिव्या द्यायला, त्याही हिंदीतनं. भरतेशनं कापड हातात घेतलं, अंगठ्यानं धागा चाचपला आणि म्हणाला, "आण्णा, हे तिरकं कापायला पायजे. सरळ धाग्यावर कापलेलं कापड वळत न्हाई." तिरकं कापलं. सांध्यात असं बसलं की जणू तिथंच विणलंय. आयुष्यभर मागावर उभं राहिलेल्या माणसाचा हात तो. त्या हातानं मला पहिल्यांदा धरलं तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आणि तो पिळाचा दिवस तर मी विसरणारच नाही. डावं धड शिवून झालं होतं. बाळगोंडा लांब उभा राहून, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "एकदम फर्स्ट क्लास!" भरतेशनं पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एक सुताचा धागा ताणून बांधला, एका डोळ्यानं बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिला.

"आण्णा, हे पिळालंय."

"कुठं पिळालंय? नकाशाबरहुकूम हाय."

"नकाशा बरोबर असंल. धड पिळालंय. बोटभर. पाण्यात घातलं की एका बाजूला वडणार हे."

"आरं गड्या, मी पंचवीस वर्षं पूल बांधलेत फौजेत. मला शिकवू नगंस!"

बाळगोंडा फणकारून बाहेर गेला, आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याला पेन्शनचं काम काढून निघून गेला. चार दिवस आला नाही. त्या चार दिवसांत भरतेशनं एकट्यानं माझ्या दोनशेवर तारा उसवल्या, एका कडेची भोकं बुजवून नवी पाडली आणि धाग्याकडं बघत बघत मला पहिल्यापासून पुन्हा शिवलं. त्याची बोटं तारेनं चिरली. सुंदरी, म्हणजे त्याची बायको, हळद घेऊन आली आणि म्हणाली, "आवं, तुमची हाय का ती होडी? एवढं कशाला जीव काढालाय?" तो म्हणाला, "पिळालेली चीज हातनं गेली की झोप लागत न्हाई बग मला."

बाळगोंडा परत आला. धागा तसाच ताणलेला होता. त्यानं वाकून बघितलं, मिशीवरनं हात फिरवला, आणि म्हणाला, "बघ! म्हटलं होतं ना, वाळल्यावर आपोआप सरळ होतंय."

आपोआप! मला तेव्हाच ह्या माणसाचा राग आला. आणि भरतेशचाही आला, कारण तो गप्प बसला. त्यानं तिथंच तोंड उघडलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण थोरल्या भावाला तोंडावर खोटं पाडायचं नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं. मनातल्या मनात मात्र त्यानं ते गाठ मारून ठेवलं.

दीड वर्ष लागलं मला व्हायला. काम रोज ऊन उतरायच्या आत थांबायचं, कारण दिवस मावळायच्या आधी जेवायचं, हा ह्या घरचा नेम आणि आक्काताईचा दंडा. दोन धडं जोडल्यावर मधली जाळी भरतेशनं नवारीची विणली, बाजेची विणतात तशी, पण घट्ट, आणि गाठी खालून. शीडही त्यानंच शिवलं. बाळगोंडानं नकाशा काढला, रंध्याचं काम केलं, डोलकाठी तासली, आणि सुकाणू बसवलं. तेही खोटं नाही. सुकाणू चांगलं बसलंय. त्याच्याशिवाय मी जन्मालाच आले नसते हे मी मान्य करते, उपकार म्हणून नव्हे.

रंग वाळला आणि लोक यायला लागले. एका लोकल चॅनेलचा माणूस कॅमेरा घेऊन आला. बाळगोंडानं त्या दिवशी कोट घातला, छातीवर पदकं लावली. भरतेश बनियनवर होता, म्हणून तो चहा सांगायला घरात गेला. चॅनेलवाल्यानं माईक पुढं केला, आणि बाळगोंडा बोलायला लागला. "मला कल्पना सुचली. मी नकाशा काढला. मी फळ्या कापल्या. मी एक-एक तार ओवली. माणसाकडं जिद्द असली पाहिजे!" मी मोजत होते. दहा मिनिटांत तेहतीस वेळा "मी". चहाचा ट्रे घेऊन भरतेश दारात उभा होता. बाळगोंडानं मान वळवली नाही.

आठवड्यानं साताऱ्यात माजी सैनिकांनी त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ. "एकट्याच्या जिद्दीची होडी" असा फलक मागं. भरतेशनं ते सगळं इथंच, माझ्या जाळीवर बसून, मोबाईलवर बघितलं. पुन्हा लावून बघितलं. बाळगोंडा शाल घेऊन माधवनगरला आला तेव्हा तो उठून उभा राहिला.

"आण्णा, मी कुठं हाय त्यात?"

"कशात?"

"तुझ्या बोलण्यात. माझं नाव एकदाबी न्हाई."

"आरं, ती चॅनेलवाली लोकं कापत्यात. वेळ नसतोय त्यांच्याकडं."

"कापलं न्हाई. मी हितं च्या घेऊन उभा होतो. तू बोललाच न्हाईस."

बाळगोंडा वैतागला. खरं पकडलं की माणूस वैतागतोच. म्हणाला, "मग काय बोलायचं होतं? भाऊ हाताखाली होता म्हणून सांगायचं?"

हाताखाली! गवंड्याला विटा देणारा असतो ना, तो हाताखालचा. भरतेश जाळीवरनं खाली उतरला, चपला घातल्या, आणि दारातनं म्हणाला, "वाटणी कर."

झालं. दोन महिने नुसता धुरळा. नातेवाईक येऊन समजावून गेले, आक्काताईनं तीन दिवस अन्न सोडलं, पण भरतेश हटला नाही. शेवटी म्हातारीचा भाऊ, दादासो मामा, मध्यस्थ म्हणून बसला. बैठक इथंच झाली, शेडमध्ये, कारण घरात भांडणं नकोत असं आक्काताईनं सांगितलं होतं. तिला वाटत होतं शेड म्हणजे घर नव्हे.

इकडं वाटणीची रीत साधी आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही, कारण काय उचललं जाईल ते त्याला ठाऊक नसतं. रीत चांगली आहे. पण ती करणाऱ्यांची मनं साफ पाहिजेत, तिथं सगळं अडतं.

आता मी जमिनीसारखी दोन तुकड्यांत वाटता येत नाही. मला कुठल्यातरी एका वाट्यात घालायला हवं. बाळगोंडाला मी हवी होते, ते सगळ्या गावाला ठाऊक. मग त्यानं फौजी डोकं लढवलं. एका वाट्यात त्यानं नदीकडचं चार एकर काळं रान घातलं, विहीर घातली, मोटार घातली. दुसऱ्यात माळावरचं दीड एकर मुरमाड आणि ही शेड, "आत जे काय असंल त्याच्यासकट." हे शेवटचं त्यानं हळूच वाचलं, घसा खाकरून. राहतं घर आक्काताईच्या नावावर तसंच ठेवलं.

कुठल्याही शहाण्या माणसानं काळं रान उचललं असतं. बाळगोंडाची तीच खात्री होती. त्यानं काळं रान सोडलं होतं माझ्यासाठी, आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मला तो आवडला. मला वाटलं, सुटले. आठवड्यात कोयना दिसणार.

दादासो मामा म्हणाला, "भरतेश, उचल बाबा."

भरतेश माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "शेड."

सुंदरीनं कपाळावर हात मारला. "आवं, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? चार एकर काळं सोडून हे लाकूड? पोरीबाळींनी काय चाटायचं ते?"

"शेड म्हटलं ना मी! लिवा मामा."

बाळगोंडा उठला. जाताना तो एवढंच म्हणाला, "तुला साधी होडी हाकता येत न्हाई, गड्या. पाण्याला भितोस तू."

"नसू दे येत," भरतेश म्हणाला. "तुला तरी कुठं मिळाली?"

ऐकलंत? मी त्याला हवी होते ती भावाला मिळू नये म्हणून. ज्याला हाकता येते त्याच्याकडं मी नाही, आणि ज्याच्याकडं मी आहे तो घोट्याभर पाण्याला घाबरतो. चार एकर घालवून त्यानं मला घेतलं, ताडपत्री टाकली आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतरचे माझे हाल काय सांगू. सुंदरीनं दोन उन्हाळे माझ्या जाळीवर सांडगे वाळवले. शेडचा पत्रा तापतो, वारं येतं, आणि मांजर चढत नाही, म्हणून मी सोयीची. एका धडात कांदे, दुसऱ्यात भंगारात न गेलेले मागाचे धोटे. ह्या घरात कांदा पानात चालत नाही हो, ते शेजारणीचे कांदे. आपल्या घरात ठेवायचे नाहीत, होडीत चालतात! भरतेश मात्र आत यायचा नाही. आला तरी माझ्याकडं पाठ करून हवं ते शोधायचा. फक्त एकदा, पत्रा गळला तेव्हा, तो फडकं घेऊन आला आणि माझ्या डाव्या धडावरचं पाणी पुसून गेला. पुसताना शिवणीवरनं त्याचा अंगठा फिरला.

बाळगोंडानं मामाकरवी निरोप पाठवला. चार एकर, विहीर, मोटार, सगळं भरतेशच्या नावावर करून देतो, होडी दे. मामा इथंच उभा राहून सांगत होता. सुंदरी दाराआडून ऐकत होती, तिनं हात जोडले.

भरतेश म्हणाला, "जमीन नगं मला. त्यो होडी घेऊन जाऊ दे, फुकट जाऊ दे. खरं एकदा, चार माणसांत, त्यानं म्हणायचं, भरतेशनं बांधली."

"एवढंच?"

"एवढंच."

मामा खुशीत गेला आणि पडलेल्या चेहऱ्यानं आला. बाळगोंडा म्हणाला होता, "जमीन मागितली तर देतोय की मी. हे काय मागालाय त्यो?" साताऱ्यात सत्कार झाला, शाल मिळाली, वरच्या गल्लीतले निवृत्त लोक त्याला होडीवाले सुभेदार म्हणतात. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? चार एकर काळं रान त्याच्या हातनं सुटतं, पण दोन शब्द सुटत नाहीत! त्यावर मी काय म्हणावं? मी लाकूड आहे, पण एवढी कठीण नाही.

मागच्या आठवड्यात इस्लामपूरकडचा एक हॉटेलवाला आला, राजवर्धन नावाचा. गॉगल डोक्यावर. माझ्याभोवती फिरला, थापट्या मारल्या, आत बसून फोटो काढला. मग म्हणाला, "भारी आहे! गेटवर लावतो. मधून कापायची, गेटच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. आत माती भरून पिटुनिया लावायच्या." भरतेश म्हणाला, "न्या," आणि या आठवड्यातला दिवसही ठरवला. आक्काताई दारातनं ओरडली, "मेल्यांनो, तुमचा बाप असता तर दोघांना त्या होडीत घालून ढकललं असतं त्यानं!" भरतेश तिला म्हणाला, "आई, हितं ठेवून तरी काय करू? रोज बघितलं की आत जळतंय."

बायकोसाठी त्यानं कधी घेतलं नसेल तेवढं मनाला लावून घेतलंय ह्या माणसानं माझं. आणि तरी मला कापायला निघालाय.

आता आजचं सांगते. आज दुपारी आक्काताई आणि सुंदरी जैन बस्तीत दर्शनाला गेल्या. भरतेश स्कूटर घेऊन सांगलीला गेला, काहीतरी कामाला. शेडचं मागचं दार ढकललं गेलं आणि आत बाळगोंडा आला. मला कापणार हे दादासो मामानं कळवलं असणार. साताऱ्याहून एसटीनं आलेला, पिशवी हातात, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. दोन वर्षांत म्हातारा झालाय.

त्यानं माझ्यावरची ताडपत्री काढली. झटकली, चौकोनी घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, फौजेत घालतात तशी. मग सांडग्यांची परात खाली ठेवली. माझ्या डाव्या धडापाशी वाकला आणि शिवणीवर हात ठेवला. तिथंच, जिथं दोनशे तारा उसवून पुन्हा घातल्या होत्या. जुनी बुजवलेली भोकं रंगाखाली अजून बोटाला लागतात. त्याच्या बोटाला ती लागली. तो एकेका भोकावर थांबत थांबत पुढं गेला.

आणि बोलला. हळू, पण स्वच्छ.

"पिळालंच होतं हे. मला त्याच दिवशी दिसलं होतं. भरतेशनंच बांधली तुला. मी नुसता नकाशा आणला."

त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं. पुसलं नाही.

तुम्हाला वाटेल, मला गहिवरून आलं असेल. छे! माझं डोकं फिरलं. अरे, मला काय सांगतोयस? मला ठाऊक नाही होय कुणी बांधली ते? लाकडापुढं उभं राहून बोलायला काय जातंय तुझं? बस तिथं घोड्यावर, तो येईपर्यंत बस, आणि हेच वाक्य त्याच्या तोंडावर बोल. अर्ध्या तासात येईल. बस!

तो बसला. खरंच बसला, पिशवी मांडीवर घेऊन. ओठ हलत होते, बोलायची तयारी चालली होती. मी श्वास धरून होते.

बाहेर गल्लीत स्कूटरचा आवाज आला. बाळगोंडा उठून उभा राहिला. एक पाऊल पुढच्या दाराकडं टाकलं. मग थांबला, वळला, आणि मागच्या दारातनं निघून गेला. पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस स्कूटरला भिऊन पळाला.

भरतेश आत आला. घडी घातलेली ताडपत्री बघितली आणि जागच्या जागी उभा राहिला. असली घडी ह्या घरात एकच माणूस घालतो.

"आला होता व्हय," तो म्हणाला. मागच्या दारापर्यंत धावत गेला, गल्लीत बघितलं. गल्ली रिकामी. परत आला तेव्हा त्याचा चेहरा तापला होता. "थांबायचं न्हवं? माझ्याशी बोलायला तोंड न्हाई, होडी तेवढी बघायला पायजे! मापं न्यायला आला असंल, दुसरी बांधायला."

मी म्हणाले, नाही रे बाबा. तो बोलला. तुझं नाव घेऊन बोलला. मी ओरडले, जिवाच्या आकांतानं ओरडले. पण माझं तोंड फक्त वाचणाऱ्यांपुढं उघडतं. ज्यांनी मला बांधलं त्यांना माझं ऐकू येत नाही.

भरतेशनं फोन लावला. "राजवर्धनराव, परवा न्हाई. उद्याच या. सकाळी नऊला. कापायचं मशीन घेऊन या." फोन ठेवला आणि माझ्या जाळीवर बसला. बाळगोंडानं जिथं हात ठेवला होता, तिथंच त्याचा हात पडला होता. त्याला ते कळलं नाही. मग आक्काताईनं जेवायला हाक मारली, दिवस कलायला आला होता, आणि तो उठून गेला.

तर असं आहे. मला कुणाचा आशीर्वाद नको, कुणाची हळहळ नको. हळहळणारे लोक मी दोन वर्षं बघतेय. चुकचुकतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही आत्ता ते वाक्य ऐकलंत. जगात ते ऐकलेले तुम्ही आणि मी, आणि माझा काही उपयोग नाही. माधवनगरला कुणालाही विचारा, होडीवाली शेड कुठं आहे ते, दाखवतील. सकाळी दारात भरतेश असेल, डोळे सुजलेले असतील, तुमच्यावर खेकसेल. खेकसू दे. त्याला सांगा, तुझा भाऊ काल इथं उभा राहून रडला आणि म्हणाला, भरतेशनं बांधली.

नऊच्या आत सांगा.